एक वर्षाच्या ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्सचे पैसे भरायच्या आधी हे वाचा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बहिणीला १२वी आर्ट्सला ५८ टक्के आहेत, घर पंढरपूरच्या बाजूला, तालुक्याला एक क्लासवाला एक वर्षाचा ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्स देतोय, फी ४५ हजार, म्हणतोय एएनएमच्या बरोबरीचा आहे, इंजेक्शन-सलाईन सगळं शिकवतो आणि नोकरी पक्की. तर घ्यावा का, काम नक्की काय असतं, पुढे नर्स होता येतं का, आणि तिला रक्त बघून गरगरतं त्याचं काय. मी वॉर्डात स्टाफ नर्स होते, नंतर इन्चार्ज झाले आणि आता जीडीएच्या, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटच्या, मुलामुलींना शिकवते, त्यामुळे चारही गोष्टींवर बोलते, जरा लांबेल.

आधी क्लासवाल्याचं बघू. ‘एएनएमच्या बरोबरीचा’ असा कोर्सच नसतो. एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स, त्याचा अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवतं, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव रजिस्टर होतं. त्या रजिस्ट्रेशनवरच नर्स म्हणून काम करता येतं, ते नसेल तर घरात कितीही मोठी फ्रेम करून सर्टिफिकेट लावा, उपयोग शून्य. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. बहिणीचं आर्ट्स आहे म्हणून बीएस्सी होणार नाही, तिथे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, पण एएनएम आणि जीएनएमचा दरवाजा आर्ट्सवाल्यांना बंद नाहीये. जीएनएमला १२वीला किमान ४० टक्के लागतात, इंग्रजी विषय लागतो आणि इंग्रजीचे मार्कही बघतात. हे तुम्हाला क्लासवाल्याने सांगितलं नसणार, का सांगेल, त्याचं गिऱ्हाईक जाईल ना. त्याला एकच विचारा, तुमच्या कोर्सनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव लागतं का, हो की नाही. तो ‘आमचं दिल्लीच्या कौन्सिलचं आहे’, ‘आयएसओ आहे’, ‘भारत सरकार मान्य ट्रस्ट आहे’ असं काहीतरी चालू करेल, तेव्हा चहा पिऊन उठा.

म्हणून सरळ सांगायचं तर पुढे नर्सच व्हायचं असेल आणि घरातून दोन-तीन वर्षं झेपणार असतील तर हा मधला कोर्स करूच नका, एएनएम किंवा जीएनएमच्या ॲडमिशनच्या मागे लागा, कॉलेज कौन्सिलच्या यादीत आहे की नाही ते स्वतः बघा, आणि सरकारी जागा मिळाली तर फीचा प्रश्न बराच हलका होतो. एएनएमला वयाची मर्यादा ३५ पर्यंत आहे, त्यामुळे ‘यंदा नाही झालं तर संपलं’ असंही नाही.

पण सगळ्यांना ते झेपत नाही हे मला माहितेय. घरात वर्षाच्या आत पगार यायला हवा असतो. अशांसाठी खरा रस्ता आहे जीडीए, जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे नर्सिंग असिस्टंटचंच काम. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने या कामाचा ठरवून दिलेला अभ्यासक्रम आहे, शेवटी परीक्षा बाहेरचा माणूस येऊन घेतो, आणि पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतल्या सेंटरला तो फुकट होतो, म्हणजे ४५ हजाराचा विषयच नाही. मोठी हॉस्पिटलं आणि काही ट्रस्टची हॉस्पिटलंही स्वतःचे सहा महिन्यांचे वगैरे कोर्स चालवतात आणि त्यातलीच चांगली मुलं कामावर ठेवून घेतात, मला विचाराल तर ते सगळ्यात बरं, कारण शिकायला वॉर्ड तिथेच असतो. कोविडमध्ये जून २०२१ ला केंद्राने एक लाख लोकांना तयार करायचा क्रॅश कोर्स काढला होता, २१ दिवस थिअरी आणि मग तीन महिने प्रत्यक्ष काम. घाईगडबडीतल्या त्या कोर्समध्येसुद्धा थिअरी आणि वॉर्ड यांचं माप बघा. आणि तुमचा क्लासवाला वर्षभर शिकवणार कुठे, तर गाळ्यात, एक पुतळा आणि एक बीपीचं मशीन घेऊन.

आता तो ‘इंजेक्शन-सलाईन सगळं शिकवतो’ म्हणाला ना, मुलांना आणि आईबापांना हेच आवडतं, आणि मी नेमकी त्यावरच काट मारते. नर्सिंग असिस्टंटने इंजेक्शन द्यायचं नसतं, सलाईनचा स्पीड बदलायचा नसतो, नाकातली राईल्स ट्यूब किंवा लघवीची नळी घालायची नसते, गोळ्या स्वतःच्या अकलेने द्यायच्या नसतात. बाटली संपत आली तर सिस्टरला हाक मारायची, बास. छोट्या हॉस्पिटलांत सर्रास करून घेतात हे मला माहितेय, पण पेशंटला काही झालं की डॉक्टर म्हणणार मी सांगितलंच नव्हतं, आणि अडकणार ती आठ हजार पगारवाली पोरगी, जिच्याकडे रजिस्ट्रेशन नाही. तेव्हा क्लासला जाऊन ‘इंजेक्शन शिकवता का’ असं विचारू नका, विचारा की अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस बदलायला कुठे शिकवता, कुठल्या हॉस्पिटलच्या कुठल्या वॉर्डात, किती आठवडे, आणि तेव्हा सोबत कोण उभं असतं. या प्रश्नावर जो गडबडला त्याच्याकडे जायचं नाही.

कूस बदलणं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल त्यात काय शिकायचं, घरी आजीला आपण फिरवतोच की. म्हणून हे एक नीटच सांगते. पॅरालिसिस झालेला माणूस, ऐंशी किलोचा, त्याला डाव्या कुशीवर घ्यायचंय. आधी पडदा ओढायचा आणि त्याच्याशी बोलायचं, ‘काका, आता या बाजूला वळवतीय’, तो बेशुद्ध असला तरी बोलायचं. बेड आपल्या कमरेइतका वर घ्यायचा नाहीतर पाच वर्षांत तुमची कंबर जाते. लघवीची नळी, सलाईन, ऑक्सिजन कुठे आहे ते आधी बघायचं, कारण नळी अंगाखाली अडकली की एक तर ओढली जाते नाहीतर कातडीत रुतते. मग आधी त्याला उजव्या कडेला सरकवायचं, थेट वळवलं तर तो बेडच्या काठावर येतो आणि पडतो. सरकवताना ओढायचं नाही, दोघींनी ड्रॉशीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर, धरून उचलून सरकवायचं, ओढल्याने कातडी सोलते. मग उजवा गुडघा दुमडायचा, हात छातीवर, आपण डाव्या बाजूला उभं राहायचं आणि खांदा आणि खुबा धरून आपल्याकडे वळवायचं, ढकलायचं नाही, स्वतःकडे घ्यायचं. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी अशी की टाचा गादीला टेकणारच नाहीत. खालचा खांदा अंगाखाली दबला नाही ना ते हात घालून बघायचं.

आणि खरं काम आता सुरू होतं, ते म्हणजे पाठ बघणं. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू, इथे बेडसोर, म्हणजे पडून पडून दाबाने होणाऱ्या जखमा, होतात. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं, दाबून पांढरं पडलं आणि परत लाल झालं तर बरंय, दाबूनही रंग हलला नाही तर तिथून चालू झालेलं आहे, लगेच सिस्टरला सांगायचं. आपल्याकडे सावळी कातडी असते, लाल दिसतच नाही नीट, मग हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक लागतंय का. आमच्या काळी त्या जागेवर स्पिरिट चोळायचो, पावडर मारायचो, खाली रबरी रिंग ठेवायचो, ग्लोव्हजमध्ये पाणी भरून टाचेखाली द्यायचो. आता यातलं काहीही करायचं नाही, लाल झालेली जागा चोळली की आतलं आणखी फाटतं आणि रिंगमुळे कडेने दाब येऊन मधला रक्तपुरवठा कमी होतो. तरी अजून काही ठिकाणी जुन्या मावशी हेच शिकवतात, त्यांच्याकडून बाकी सगळं शिका, हे नको. साधारण दर दोन तासाला पोझिशन बदलायची आणि चार्टवर वेळ आणि बाजू लिहायची. आणि न करता लिहायचं नाही, रात्री तीनला हे लिहायचा मोह कसा होतो ते मला सांगू नका.

बघा, एका कूस बदलण्यात एवढं आहे. तसंच प्रत्येक गोष्टीचं. लकवा झालेल्याला शर्ट घालताना आधी लुळ्या हाताची बाही, काढताना आधी चांगल्या हाताची, उलटं केलं की खांदा दुखावतो आणि तो खांदा पुढे महिनोन्‌महिने दुखत राहतो. व्हीलचेअर त्याच्या चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या, आणि झोपलेल्याला एकदम उभं करायचं नाही, काठावर दोन मिनिटं पाय सोडून बसू द्यायचं, डोळ्यापुढे अंधारी येतीय का विचारायचं. भरवताना बसवून भरवायचं, घास गिळला की नाही ते बघून पुढचा, आणि जेवणानंतर लगेच आडवं करायचं नाही. पाणी पिताना ठसका लागतोय, आवाज ओलसर घोगरा येतोय असं दिसलं तर भरवणं थांबवून सिस्टरला सांगायचं, नातेवाईक कितीही म्हणू देत ‘थोडं तरी जाऊ दे पोटात’. स्पंजिंगला, म्हणजे ओल्या कपड्याने अंग पुसायला, सुरुवात डोळ्यांपासून, साबणाशिवाय, नाकाकडून कानाकडे पुसत, आणि बायकांची खालची स्वच्छता पुढून मागेच, कधीच उलटी नाही. युरिनची पिशवी बेडला अडकवलेली, मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला टेकलेली नको, आणि रिकामी करताना मापून लिहायचं. दुपारपासून पिशवीत काही आलंच नाही हे आधी तुम्हालाच कळणार असतं, डॉक्टर राऊंडला येईपर्यंत उशीर झालेला असतो.

मला स्वतःला विचाराल तर चांगली असिस्टंट आणि नुसती कामं उरकणारी यातला फरक इथेच दिसतो. पेशंटच्या अंगाला दिवसभरात सगळ्यात जास्त हात तिचा लागतो. काल स्वतः चमचा धरणारी आजी आज चमचा धरत नाहीये, बोलता बोलता अडखळतीय, श्वास मोजला तर मिनिटाला २८ येतोय जिथे मोठ्या माणसाचा १२ ते २० हवा, हे ती सांगू शकते. निदान तिने करायचं नसतं, ‘पॅरालिसिस झालाय वाटतं’ असं नातेवाइकांसमोर तर अजिबात बोलायचं नाही, पण काय दिसलं आणि किती वाजता दिसलं हे सिस्टरला सांगायचं. माझ्या बॅचमधल्या मुलींना मी पहिले काही आठवडे हेच करायला लावते, ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देताना, ‘पेशंट बरा आहे’ हे वाक्य बंद. काय खाल्लं, किती प्यायला, संडासला झाली का, कुठे लाल आहे, झोपला का, ते सांग. सुरुवातीला वैतागतात.

हातांचं आणि सुयांचं थोडक्यात. हात दिसायला स्वच्छ असतील तर हॅण्डरब (सॅनिटायझर) २० ते ३० सेकंद, घाण लागली असेल तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, आणि पेशंटला शिवायच्या आधीही, नुसतं नंतर नाही. ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुवायला नको हा गैरसमज वॉर्डावॉर्डात आहे. कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमाप्रमाणे, रक्ताने-पुवाने भिजलेला कापूस-गॉज पिवळ्यात, नळ्या, ग्लोव्हज आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. कुणी सुई उशीवर किंवा ट्रेत तशीच टाकलेली असते आणि टोचते ती साफ करणाऱ्याला, म्हणजे तुमच्या बहिणीला. टोचली तर दाबून रक्त काढत बसायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि तिथल्या तिथे इन्चार्जला सांगायचं, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती जितक्या लवकर तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत चालू व्हावी लागतात. ‘ओरडतील’ म्हणून लपवणाऱ्या मुली असतात. आणि हिपॅटायटिस बीची लस वॉर्डात पाय टाकायच्या आधी चालू करा, शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस, कोर्सवाल्याने लसीचं नाव काढलं नाही तर तुम्हीच काढा.

नोकरीचं. ‘पक्की नोकरी’ म्हणजे बहुतेक वेळा कॉन्ट्रॅक्टरकडची नोकरी. त्यात वाईट काही नाही, पण सही करताना विचारा पीएफ कापता का, यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर काय, ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड कधी, महिना २१ हजारापर्यंत पगार असला की ईएसआयसी लागू होतं आणि आपल्या बहिणीचा सुरुवातीचा पगार त्याच्या खूप खालीच असणार आहे. पगार बँकेत जमा व्हायला हवा. मूळ सर्टिफिकेटं कुणाकडेही ठेवायची नाहीत, झेरॉक्स द्या, ‘सोडून जाशील म्हणून ठेवतो’ म्हणणारे आहेत. दुसरा पर्याय पुण्या-मुंबईत घरगुती पेशंट सांभाळायचा, ब्युरोमार्फत, १२ तास किंवा २४ तास. पैसे वॉर्डापेक्षा बरे मिळतात पण तिथे ती एकटी असते, हाक मारायला सिस्टर नाही, घरचे हळूच सांगतात ‘इन्सुलिन टोच ना, सोपं आहे’, मग ‘भाजी चिरून दे’, मग ‘बाळाला बघ’. म्हणून नवीन मुलीने पहिलं वर्ष तरी हॉस्पिटलातच काढावं, घरच्या ड्युटीला नंतर जावं, आणि जाईल तेव्हा कामं लिहून घ्यावीत आणि रोजची वही ठेवावी, किती खाल्लं, औषध कुणी दिलं, किती वाजता.

परदेशाचं तुम्ही विचारलं नाही पण क्लासवाला काढेलच. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये मनुष्यबळाचा करार केलाय, इस्रायलशी भारताचा २०२३ चा करार आहे ज्यात घरगुती केअरगिव्हरच्या जागा आहेत, हे खरं आहे. पण जर्मनीला भाषा लागते, ती नीट शिकायलाच वर्ष जातं, आणि परदेशी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, त्याने ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त फी घ्यायची नसते. लाखाच्या गोष्टी करणाऱ्याला तिथेच थांबवा.

आता रक्त बघून गरगरतं ते. हे माझ्या प्रत्येक बॅचला दोघा-तिघांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू जातं. उपाशी पोटी ड्युटीला जायचं नाही, पाणी पिऊन जायचं, गरगरायला लागलं की हातातलं ठेवून सरळ खाली बसायचं, लाजायचं नाही, उभं राहून पडलात तर डोकं फुटतं. रक्ताने सहसा कुणी काम सोडत नाही. सोडतात ते वासाने, आणि दुसऱ्याची संडास साफ करणं मनाला न पटल्याने. म्हणून फी भरायच्या आधी तिला एखाद्या नातेवाईक पेशंटसोबत सरकारी दवाखान्यात एक रात्र राहू द्या, जनरल वॉर्डात, बेडपॅन देऊ द्या, चादर बदलू द्या. घरी येऊन जेवली आणि म्हणाली ‘जमेल’, तर जमेल. नाही म्हणाली तरी चिडू नका, लॅब टेक्निशियन आहे, फार्मसी आहे, रिसेप्शन आहे, दवाखान्यात कामं पुष्कळ असतात. आणि हो, गावात कुणी मुलगा विचारत असेल तर त्यालाही सांगा, या कामात मुलग्यांची संख्या कमी पडते, पुरुष पेशंटची स्वच्छता आणि उचलाउचल याला ब्रदर, म्हणजे पुरुष मदतनीस, मिळत नाहीत.

कागद लागतील ते १०वी-१२वीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि वय १८ पूर्ण. तिच्यासाठी मागून बंद असलेले, न घसरणारे बूट घ्या, फॅन्सी चप्पल वॉर्डात चालत नाही. आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ, पण मनगटावर नाही, हात कोपरापर्यंत मोकळे लागतात, खिशाला टाचणीने लावायचं मिळतं ते आणा, नाडी आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो आणि वॉर्डात मोबाईल काढलेला मला चालत नाही.